यॉर्क शहर पाहू या

इंग्लंड देशात यॉर्क नावाचे एक जुने शहर आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले, की सुमारे दोन तासांत तिथे पोचता येते. शहर फार मोठे नाही. वस्ती सुमारे २ लाख. पण ह्या २ लाखांच्या शहरात दरवर्षी ८० लाखांहून अधिक पाहुणे येतात. म्हणजे घरात माणूस एक आणि वर्षाकाठी त्याच्या दारात पाहुणे चाळीस, असा हा हिशेब आहे.

एवढे लोक तिथे येतात कशाला? यॉर्कला समुद्र नाही. बर्फाचे डोंगर नाहीत. तिथे आहे ते जुने आहे. जुना तट आहे, जुन्या वेशी आहेत, अरुंद गल्ल्या आहेत आणि मधोमध एक प्रचंड चर्च आहे. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामंदिर.

तुम्ही म्हणाल, जुन्या भिंती काय, सगळीकडेच असतात. खरे आहे. पण सगळीकडच्या टिकत नाहीत. यॉर्कच्या का टिकल्या, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आज आम्ही तुम्हांला ह्या शहरातून फिरवून आणणार आहोत, आणि फिरता फिरता ती गोष्टही सांगणार आहोत. चला तर.

फुकट शहर दाखवणारी माणसे

नव्या गावात गेले, की वाटाड्या लागतो. त्याला गाईड म्हणतात. गाईड पैसे घेतो आणि गाव दाखवतो. यॉर्कमध्ये पैसे घेणारे गाईड पुष्कळ आहेत. शहरभर फिरणाऱ्या बसगाड्या आहेत. नदीतून फिरवून आणणाऱ्या बोटीही आहेत. पण एक पैसाही न घेणारे गाईडसुद्धा तिथे आहेत.

यॉर्कच्या काही नागरिकांनी १९५१ साली एक मंडळ काढले. हे स्वयंसेवक गाईडांचे मंडळ. मंडळाचे लोक आपले काम सांभाळून, किंवा नोकरीतून मोकळे झाल्यावर, शहराचा इतिहास शिकतात. मग ठरलेल्या वेळी एका चौकात उभे राहतात. जे पाहुणे जमतील त्यांना घेऊन ते सुमारे दोन तास पायी फिरवतात. शहर दाखवतात, गोष्टी सांगतात. शेवटी कोणी खिशात हात घातला, तर नको म्हणतात. बक्षिसीसुद्धा घेत नाहीत.

हे कशापायी करतात? आपले गाव दुसऱ्याला दाखवावे, त्याने वा वा म्हणावे, ह्यात एक सुख असते. पाहुणा घरी आला, की आपण त्याला मळा दाखवतो, विहीर दाखवतो, नवे वासरू दाखवतो. तसेच हे. पण आपले गाव दाखवायचे, तर आधी ते स्वतःला माहीत पाहिजे. म्हणून ही माणसे मोठेपणी पुन्हा अभ्यासाला बसतात. आपल्यासारखीच!

वेशीला म्हणतात बार, रस्त्याला म्हणतात गेट

यॉर्कला रोमन लोकांनी इसवी सन ७१ च्या सुमारास वसवले. रोमन म्हणजे इटलीतल्या रोम शहराचे लोक. त्या काळी त्यांचे राज्य फार मोठे होते. त्यांनी इथे सैन्याचा तळ टाकला. रोमन गेले. पुढे उत्तरेकडच्या समुद्रापलीकडून व्हायकिंग नावाचे दर्यावर्दी आले. त्यांनी ८६६ साली शहर जिंकले. त्यांच्यानंतर १०६६ साली फ्रान्सकडून नॉर्मन राजा आला. प्रत्येकाने शहरावर आपला काही ना काही ठसा ठेवला.

ह्याची एक गंमत सांगतो. 'गेट' म्हणजे दार, हा इंग्रजी शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. पण यॉर्कमध्ये रस्त्याच्या नावापुढे 'गेट' लावतात. कारण व्हायकिंगांच्या भाषेत रस्त्याला तसा शब्द होता. मग वेशीला काय म्हणतात? वेशीला म्हणतात 'बार'. नवखा पाहुणा गोंधळून जातो. गाईड हसून त्याला समजावून सांगतो.

शहराभोवती दगडी तट आहे. आज उभा आहे तो बराचसा सात-आठशे वर्षांपूर्वीचा आहे. लांबी ३ किलोमीटरांहून जास्त. तटावरून चालायला वाट आहे. आपल्या किल्ल्यांवर तिला फांजी म्हणतात. फांजीवरून सगळे शहर फिरायचे, तर सुमारे दोन तास लागतात. तिकीट नाही. सकाळी दारे उघडतात, अंधार पडायच्या सुमारास बंद होतात. वसंत ऋतूत तटाच्या उतारावर पिवळी फुले फुलतात. ती पाहायला लोक मुद्दाम येतात.

चार मोठ्या वेशी आहेत. त्यांपैकी मिकलगेट वेशीतून राजा शहरात येत असे. ह्याच वेशीवर पूर्वी बंडखोरांची मुंडकी टांगत असत. मंक बार नावाच्या वेशीत वरून खाली सोडायचे जाळीचे दार अजून आहे. शत्रू आला, की ते दार खाली सोडायचे.

आता ऐका. हा तट १८०० साली जाणार होता. त्या वेळच्या नगरपालिकेलाच तो नको झाला होता. लढाया संपल्या होत्या. तटाची डागडुजी करायला पैसा लागे. वेशी अरुंद, गाड्या अडत. नगरपालिकेने तट पाडायची परवानगी मागितली. तिचे म्हणणे अगदीच वेड्यासारखे नव्हते. गाड्या अडत होत्या, हे खरेच होते.

पण पुष्कळ लोकांनी विरोध केला. भांडण एक-दोन दिवस नाही, कित्येक वर्षे चालले. तेवढ्यात काही भाग पाडलाही गेला. वेशींच्या पुढे संरक्षणासाठी बांधलेले छोटे कोट होते, ते एकामागून एक गेले. फक्त वॉमगेट नावाच्या वेशीपुढचा कोट वाचला. विल्यम एटी नावाचा मोठा चित्रकार यॉर्कचाच होता. त्याने तटासाठी लिहून, बोलून लोकांना जागे केले. नागरिकांनी वर्गणी काढली आणि तट दुरुस्त करून घेतला. म्हणून आज पाहुण्यांना तटावर फिरता येते. नगरपालिकेच्या खर्चाचा बोजा वाटलेला तट आता शहराच्या पोटापाण्याला मदत करतो.

मिन्स्टर: आठ-दहा पिढ्यांचे बांधकाम

तटावरून कुठूनही पाहिले, तरी एक उंच मनोरा दिसतो. तो यॉर्क मिन्स्टरचा. मिन्स्टर हे इथल्या मुख्य चर्चचे नाव. बिशप म्हणजे ख्रिस्ती धर्मातला मोठा अधिकारी. ज्या चर्चमध्ये बिशपची गादी असते, त्याला कॅथीड्रल म्हणतात. यॉर्कला तर आर्चबिशपची, म्हणजे बिशपांवरच्या बिशपची गादी आहे.

आजचे मिन्स्टर बांधायला सुमारे १२२० साली सुरुवात झाली आणि १४७२ साली ते पुरे झाले. अडीचशे वर्षे! ज्या पाथरवटाने पहिला दगड घडवला, त्याच्या आठव्या-दहाव्या पिढीने काम संपवलेले पाहिले. मधेच १४०७ साली मधला मनोरा कोसळला. तो पुन्हा बांधावा लागला. आजचा मनोरा सुमारे ७२ मीटर उंच आहे. वर जायला २७५ पायऱ्या आहेत. अरुंद गोल जिना आहे. दम लागतो, पण वरून सगळे शहर तळहातावर ठेवल्यासारखे दिसते.

आत गेले, की लोकांच्या माना आपोआप वर जातात. खिडक्यांना रंगीत काचा आहेत. काचेचे लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून त्यांची चित्रे केली आहेत. पूर्वी सामान्य लोकांना लिहिता-वाचता येत नसे. ते धर्मातल्या कथा ह्या चित्रांत पाहत. पूर्वेकडची सर्वांत मोठी खिडकी टेनिस खेळाच्या मैदानाएवढी आहे. जगाचा आरंभ आणि जगाचा शेवट, अशा दोन्ही गोष्टी तिच्यात चितारल्या आहेत. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने १४०५ ते १४०८ ह्या तीन वर्षांत ती केली. त्याला सगळे मिळून ५६ पौंड मिळाले. त्यांत १० पौंड काम वेळेवर पुरे केल्याबद्दल होते. कामाची मुदत आणि बक्षीस तेव्हाही ठरवून घेत असत.

एवढे मोठे बांधकाम, दगडाचे. त्याला काय होणार, असे वाटते. पण त्याच्यावर संकटे किती आली पाहा.

एका माथेफिरूने १८२९ साली आत लपून राहून आग लावली. पुढे १८४० साली एका कामगाराची मेणबत्ती तशीच राहिली, त्यातून आग लागली. छप्पर आतून लाकडाचे, ते पेटले.

१९६७ च्या सुमारास तपासणी केली, तेव्हा दिसले की मधल्या मनोऱ्याखालचा पाया त्याच्या वजनाला पुरा पडत नाही. भिंतींना तडे गेले होते. मनोरा कोसळण्याची भीती होती. लोकांनी पैसा जमवला. पाच वर्षे काम चालले. खाली खणून, काँक्रीट घालून, पोलादी गज ओवून पाया घट्ट केला. खणताना खाली रोमन सैन्याच्या इमारतीच्या भिंती सापडल्या! जीव वाचवायला खणले आणि इतिहास हाती लागला. आज त्या तळघरात उतरून पाहुण्यांना हे सारे पाहता येते.

मग १९८४ सालच्या जुलै महिन्यात रात्री दक्षिणेकडच्या भागाला आग लागली. बहुधा वीज पडली असावी. आग मधल्या मनोऱ्याकडे सरकू नये, म्हणून बंबवाल्यांनी पाण्याच्या माऱ्याने जळते छप्पर मुद्दामच खाली पाडले. एक भाग घालवला आणि बाकीचे वाचवले. चार वर्षांत छप्पर पुन्हा उभे राहिले. छपराच्या लाकडी कमानी जिथे जुळतात, तिथे नक्षीचे गट्टू असतात. त्यांतल्या काही गट्टूंसाठी लहान मुलांकडून चित्रे मागवली, त्यांची स्पर्धा घेतली. त्यामुळे ह्या जुन्या चर्चच्या छतावर चंद्रावर उतरलेला माणूसही आहे. मान वर करून नीट शोधावे लागते!

मोठी खिडकीही जुनी झाली होती. २००८ साली तिच्या काचा उतरवायला सुरुवात झाली. तिचे ३११ भाग होते. कारागिरांनी एकेक भाग उतरवून स्वच्छ केला, दुरुस्त केला आणि परत बसवला. बाहेरून दुसरी काच लावून ऊन-पावसापासून आडोसा केला. हे काम २०१८ साली पुरे झाले. थॉर्नटनला खिडकी करायला तीन वर्षे लागली. दुरुस्तीला दहा वर्षे लागली. बांधण्यापेक्षा राखणे सोपे असते, असे कोणी म्हणू नये.

मिन्स्टरजवळच पाथरवटांचा कारखाना आहे. तिथे आजही छिन्नी-हातोडीने दगड घडवतात. नव्या मुलांना कसब शिकवतात. झिजलेला दगड काढायचा आणि तसाच नवा बसवायचा, हे काम कधी संपतच नाही. म्हणून पाहुण्यांकडून आत जायचे तिकीट घेतात. शहरच्या रहिवाशांना तिकीट नाही. आणि प्रार्थनेला येणाऱ्या कोणालाही नाही. संध्याकाळी गायकवृंद प्रार्थना गातो, तेव्हा कोणीही जाऊन शांत बसावे.

पुस्तकातल्या खुणा आणि बॉम्ब

आता एक वाईट गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात १९४२ सालच्या एप्रिलमध्ये जर्मन विमानांनी यॉर्कवर बॉम्ब टाकले. त्याच सुमाराला इंग्लंडातल्या आणखी काही जुन्या, सुंदर शहरांवर टाकले. लोक ह्या हल्ल्यांना 'बेडेकर हल्ले' म्हणू लागले. हे आपल्याकडचे बेडेकर नव्हेत बरं का! बेडेकर हे प्रवाशांसाठी पुस्तके छापणारे जर्मन घराणे होते. कोणत्या गावी काय पाहावे, ते त्या पुस्तकांत लिहिलेले असे. पाहण्यासारख्या जागेपुढे चांदणीची खूण असे. शत्रूच्या देशातली अशी मोलाची शहरे नेमकी निवडून हल्ले झाले, म्हणून हे नाव पडले.

ज्या खुणा पाहुण्याला वाट दाखवायला केल्या, त्यांचीच वाट बॉम्बला मिळावी, ही केवढी दुःखाची गोष्ट! त्या रात्री माणसे मेली, घरे पडली. नदीकाठचे पाचशे वर्षांचे सभागृह जळाले. मिन्स्टर वाचले. त्याच्या रंगीत काचा आधीच काढून सुरक्षित ठेवल्या होत्या. जळालेले सभागृह लोकांनी जुन्यासारखेच बांधून काढले. ते १९६० साली पुन्हा उघडले.

अरुंद गल्ल्या आणि भुतांच्या गोष्टी

मिन्स्टरपासून थोडे पुढे गेले, की शॅम्बल्स नावाची गल्ली लागते. ही पूर्वी खाटिकांची गल्ली होती. घरे लाकडी चौकटीची. वरचा मजला खालच्या मजल्याच्या पुढे आलेला. त्यामुळे वर पाहिले, तर समोरासमोरच्या घरांनी एकमेकांना टेकायचे ठरवले आहे, असे वाटते. वरच्या सावलीमुळे मांसावर ऊन येत नसे. आता तिथे खाटीक नाहीत. मिठाईची, कपड्यांची आणि शोभेच्या वस्तूंची दुकाने आहेत.

शहरातल्या सगळ्यांत छोट्या रस्त्याचे नाव आहे 'व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट'. रस्ता एवढासा आणि नाव एवढे मोठे! पाहुणे पाटीपुढे उभे राहून फोटो काढतात.

रात्र झाली, की यॉर्कमध्ये भुतांची सहल निघते. गाईड काळे कपडे घालतो, हातात कंदील घेतो आणि लोकांना गल्लीबोळांतून नेऊन भुतांच्या गोष्टी सांगतो. लोक पैसे देऊन घाबरायला जातात! त्यांतली एक गोष्ट फार सांगतात. एका जुन्या वाड्याच्या तळघरात १९५३ साली एक तरुण कामगार नळ बसवत होता. तेव्हा म्हणे भिंतीतून रोमन सैनिक बाहेर आले. ते फक्त गुडघ्यांच्या वरच दिसत होते. पुढे जमीन खोल होती, तिथे त्यांचे पायही दिसले. कारण जुना रोमन रस्ता आजच्या जमिनीच्या खाली होता.

भूत कोणी मानावे, न मानावे. आम्हांला त्यातली शेवटची गोष्ट मोलाची वाटते. जुना रस्ता खरोखरच आजच्या जमिनीखाली आहे. माणसे राहतात, घरे पडतात, माती साचते, पुन्हा घरे होतात. अशा थरावर थर चढत शहर वर येत जाते. रोमन लोकांचे शहर खाली आहे. त्याच्यावर व्हायकिंगांचे, त्याच्यावर नॉर्मनांचे, आणि सगळ्यांत वर आजचे.

जमिनीखालचे गाव

हे थर यॉर्कच्या लोकांनी उकलून पाहिले. कॉपरगेट नावाच्या रस्त्यावर मिठाईचा जुना कारखाना होता. तो पाडून तिथे दुकाने बांधायची होती. बांधकामाआधी शोध घ्यावा, म्हणून एका विश्वस्त संस्थेने तिथे उत्खनन केले. १९७६ ते १९८१ अशी पाच वर्षे ते चालले. खाली हजार वर्षांपूर्वीचे व्हायकिंगांचे गाव निघाले. घरांच्या लाकडी भिंती, कुंपणे, चामड्याचे जोडे, हाडाच्या फण्या, एक लोकरीचा मोजा. सगळ्या मिळून सुमारे ४० हजार वस्तू.

लाकूड आणि चामडे हजार वर्षे टिकले कसे? तिथली माती पाण्याने भरलेली होती. तिच्यात हवा शिरत नव्हती. हवा नाही, म्हणून कुजवणारे जंतू वाढले नाहीत.

ह्याच भागात त्याआधी १९७२ साली एका बँकेच्या जागेखाली आणखी एक वस्तू सापडली. हसू नका. ती होती माणसाची वाळून दगड झालेली विष्ठा! लांबी २० सेंटिमीटर. शास्त्रज्ञांनी ती तपासली. तो माणूस मांस आणि भाकरी खात होता, हे कळले. त्याच्या पोटात जंत होते, हेही कळले. घराशेजारीच घाण टाकायची आणि तिथलेच पाणी प्यायचे, अशा गावात जंत होणारच. हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस आपल्याला अजून शहाणपण शिकवतो.

उत्खननाच्याच जागेवर १९८४ साली 'यॉर्व्हिक' नावाचे केंद्र उघडले. यॉर्व्हिक हे व्हायकिंगांनी शहराला दिलेले नाव. इथे पाहुण्याला एका छोट्या गाडीत बसवतात. गाडी हळूहळू जुन्या गावातून फिरते. घरे, बाजार, बाया-माणसे, पोरे, डुकरे, सगळे पुतळ्यांनी उभे केले आहे. त्या वेळची भाषा ऐकू येते. वाससुद्धा येतो! धुराचा, मासळीचा आणि शौचकूपाचाही.

डिसेंबर २०१५ मध्ये नदीला पूर आला आणि ह्या केंद्रात पाणी शिरले. जुन्या वस्तू आधीच बाहेर काढल्या होत्या, त्या वाचल्या. गाव मात्र पुन्हा उभारावे लागले. सव्वा वर्षाने, एप्रिल २०१७ मध्ये, केंद्र परत उघडले. ज्या ओल्या मातीने जुने गाव राखले, त्याच शहराच्या पाण्याने नवे गाव बुडवले. यॉर्क दोन नद्यांच्या काठी आहे. पुराशी त्याचे जुने नाते आहे.

एका डॉक्टरचा छंद

आता एका साध्या माणसाची गोष्ट. यॉर्कजवळच्या पिकरिंग नावाच्या गावात कर्क नावाचे डॉक्टर होते. रोग्यांना पाहायला ते खेडोपाडी जात. त्या वेळी जुन्या वस्तू मोडीत चालल्या होत्या. जुने दिवे, चुली, खेळणी, अवजारे. नवे आले, की लोक जुने टाकून देत. डॉक्टरांनी ह्या वस्तू जमवायला सुरुवात केली. राजाचा मुकुट किंवा सोन्याची तलवार नव्हे. घरातली, शेतातली, दुकानातली वस्तू.

संग्रह वाढत गेला. शेवटी १९३८ साली यॉर्कच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत त्याचे संग्रहालय झाले. त्याला किल्ला संग्रहालय म्हणतात. आत दीडशे वर्षांपूर्वीचा एक सबंध रस्ता उभा केला आहे. दुकाने, दिवे, फरसबंदी, सगळे जसेच्या तसे. त्या रस्त्याला डॉक्टरांचेच नाव आहे.

स्टेशनाजवळ आगगाड्यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते १९७५ साली उघडले. आत जायला पैसे पडत नाहीत. वाफेची जुनी इंजिने तिथे रांगेने उभी आहेत. 'मॅलर्ड' नावाचे निळे इंजिन १९३८ साली ताशी २०० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावले. वाफेचे इंजिन एवढे जोरात धावल्याची ती जगातली सर्वांत मोठी नोंद आहे. जपानची एक वेगवान 'बुलेट' गाडीही तिथे ठेवली आहे.

लाजेची गोष्टही सांगतात

किल्ला संग्रहालयासमोर एका उंच टेकाडावर दगडी बुरूज आहे. त्याला क्लिफर्डचा बुरूज म्हणतात. वरून सुंदर देखावा दिसतो. पण इथे गाईडचा आवाज खाली येतो.

११९० सालच्या मार्च महिन्यात यॉर्कमधल्या ज्यू लोकांवर जमाव चालून गेला. ज्यू म्हणजे यहुदी धर्माचे लोक. जीव वाचवायला ते ह्या जागी असलेल्या लाकडी बुरुजात शिरले. सुमारे १५० बायका, पुरुष, मुले. सुटका नाही असे दिसले, तेव्हा बहुतेकांनी स्वतःच मरण पत्करले. अभय मिळेल ह्या भरवशावर जे बाहेर आले, त्यांना जमावाने मारले. जमावाच्या पुढाऱ्यांत त्यांचे कर्जदार होते. मारून झाल्यावर ते मिन्स्टरमध्ये गेले आणि तिथे ठेवलेले कर्जाचे कागद त्यांनी जाळले. वरून धर्माचे नाव होते आणि आत हिशेब होता.

शहराला ही गोष्ट झाकता आली असती. पण १९७८ साली बुरुजाच्या पायथ्याशी ह्या लोकांच्या स्मरणाचा दगड बसवला. पाहुण्यांना ती हकीकत सांगतात. फक्त अभिमानाच्या गोष्टी सांगायच्या आणि लाजेच्या गाळायच्या, तर तो इतिहास होत नाही. ती जाहिरात होते.

पाहुण्यांचा फायदा आणि पाहुण्यांचा ताप

यॉर्क पूर्वी कारखान्यांचे शहर होते. आगगाडीचे डबे आणि चॉकलेट ह्यांवर हजारो घरे चालत. आपल्याकडे मिळते ते किटकॅट चॉकलेट पहिल्यांदा १९३५ साली यॉर्कच्याच राउनट्री कारखान्यात झाले. आजही यॉर्कमध्ये चॉकलेट होते, पण काही मोठे कारखाने बंद पडले. टेरी नावाचा चॉकलेटचा जुना कारखाना २००५ साली बंद झाला. आता खानावळी, हॉटेले, दुकाने, संग्रहालये, बसगाड्या ह्यांत पुष्कळांना काम मिळते. म्हणजे पाहुणा हा शहराचा एक धंदाच झाला.

पण पाहुणा देव असला, तरी चाळीस देव एकदम दारात आले तर घरच्याने जावे कुठे? गल्ल्या अरुंद, गर्दी फार. सुटीच्या दिवशी शॅम्बल्समधून चालणे कठीण होते. शनिवारी रात्री दारू पिऊन आरडाओरडा करणारी टोळकीही येतात. काही घरमालक घर भाडेकऱ्याला देत नाहीत. पाहुण्यांना दिवसाच्या हिशेबाने देतात, कारण त्यात पैसा जास्त. मग तिथल्याच तरुण जोडप्याला राहायला घर मिळणे अवघड होते. ज्यांनी गाव राखले, त्यांच्याच नातवंडांना गावात जागा नाही, अशी पाळी येऊ नये, ही चिंता तिथे आहे.

शहराने काही उपाय केले आहेत. मधल्या भागातले पुष्कळ रस्ते दिवसा मोटारींना बंद असतात. तिथे सगळे पायी चालतात. मोटारी शहराबाहेर ठेवायच्या आणि बसने आत यायचे, अशी सोय आहे. ह्यामुळे धूर कमी होतो आणि जुन्या घरांना बसणारे हादरेही कमी होतात. सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. वादावादी चालूच आहे. पण तट पाडायचा की ठेवायचा, ह्यावरही अशीच वादावादी झाली होती. लोक बोलले, भांडले, म्हणूनच तट वाचला.

तर असे हे यॉर्क. आपण त्याच्या वेशी पाहिल्या, मनोरा पाहिला, जमिनीखालचे गाव पाहिले. एक गोष्ट ध्यानात आली असेल. इथले काहीही आपोआप टिकलेले नाही. तटासाठी लोकांनी वर्गणी दिली. मनोऱ्यासाठी पाया खणला. खिडकीसाठी दहा वर्षे डोळे घातले. डॉक्टरने मोडीतल्या वस्तू उचलून आणल्या. आणि १९५१ पासून काही माणसे फुकट वाट दाखवत आली आहेत.

वेस, बारव, जुना वाडा, वीरगळ, दीपमाळ, ह्यांपैकी काही ना काही आपल्या गावातही असेल. ते कोणी बांधले, कधी बांधले, हे गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते. पुढे गावात कोणी पाहुणा आला आणि त्याने विचारले, तर सांगायला आपल्यापाशी काहीतरी असेल.